उत्तरेश्वरची पेटी

उत्तरेश्वर कोण होता, असं कोंडीराम पेंटरला आज कुणी विचारलं तर तो म्हणेल, "ढोलाच्या दुकानात कातडी तासायचा." यापुढे खात्रीनं सांगता येईल असं त्याच्याजवळ फार थोडं आहे. उत्तरेश्वरचं आडनाव त्याला कधी कळलं नाही. गाव अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून कुठेतरी. पण गावाचं नाव विचाराल तर तेही ठाऊक नाही. वय विचारायची वेळ आली नाही. जेमतेम एका वर्षाची ओळख, तीही बहुतेक सोमवारची. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार शब्द सांगायला जास्त हक्काचं कुणीतरी हवं. तसं कुणी पुढे आलेलं नाही, म्हणून जे आहे ते सांगायचं.

कोंडीरामचं दुकान सदाशिव पेठेत एका जिन्याखाली होतं. ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून गिऱ्हाईक रस्त्यावर आणि पेंटर स्टुलावर, असा व्यवहार चालायचा. दवाखान्यांच्या, क्लासेसच्या, खानावळींच्या पाट्या तो रंगवायचा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'के. राम आर्ट्स' अशी सही करायचा. कोंडीराम हे नाव पाटीवर शोभत नाही, असं तरुणपणी कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. तेव्हापासून निम्मी पेठ त्याला मद्रासी समजत होती.

दोन हजार सालाच्या पुढेमागे शहरात फ्लेक्स आला. संगणकापुढे एक जण बसायचा आणि चहा पिऊन होईपर्यंत दाराएवढा बोर्ड छापून हातात यायचा, वर फोटोसकट. एका क्लासच्या भिंतीवर कोंडीराम दरवर्षी गुणवंतांची नावं रंगवत आला होता. त्या क्लासनं गणित-शास्त्र सोडून कॉम्प्युटर शिकवायला घेतलं आणि जुन्या नावांवरच खिळे ठोकून फ्लेक्स ताणला. कोंडीराम मालकांना म्हणाला, "निदान नावं पुसून तरी घ्यायची." मालक म्हणाले, "कशाला? दिसतायत का आता?"

त्यानंतर कोंडीरामकडे धड असं एकच काम उरलं. गणपतीच्या आधी ढोल-पथकांची नावं ढोलांवर रंगवायची. मंडईच्या मागच्या गल्लीत ढोलांचं एक दुकान होतं, तिथे तो पावसाळाभर जाऊन बसायचा. दुकानाच्या मागच्या पडवीत एक काळासावळा, हडकुळा माणूस चुन्यातून काढलेली बकऱ्याची कातडी लाकडाच्या ओंडक्यावर टाकून तासत असायचा. त्याच्या बोटांच्या टोकांची कातडी चुन्यानं खाल्ली होती. तो उत्तरेश्वर.

पहिले काही दिवस तो नुसता बघत राहिला. मग एकदा म्हणाला, "पेंटर, हात थरथरत न्हाई तुमचा."

"थरथरला तर पथकाची पोरं मला थरथरवतील," कोंडीराम मान वर न करता म्हणाला.

उत्तरेश्वर हसला. हसला की त्याला खोकला यायचा. एवढ्यावर ओळख झाली.

दसऱ्यानंतर ढोलांचं काम संपलं. कोंडीराम आपले ब्रश गोळा करत होता, तेव्हा उत्तरेश्वर हात धुऊन जवळ येऊन बसला.

"एक काम होतं. मजुरी देता यायची न्हाई."

"मग त्याला काम म्हणत नाहीत, उत्तरेश्वरराव. उपकार म्हणतात."

"तसं म्हणा."

आणि त्यानं सांगितलं. त्याचं घराणं चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारं. कातडं तासून तासून काचेसारखं पातळ करायचं, त्यातून राम, सीता, रावण, वानर कापून काढायचे, दागिन्यांच्या जागी बारीक छिन्न्यांनी भोकं पाडायची, रंग द्यायचा. मग पांढरा पडदा ताणून मागे दिवा लावायचा आणि बाहुली पडद्याला टेकवायची. समोर बसलेल्यांना बाहुली दिसत नाही, तिची रंगीत सावली दिसते. गावोगाव आजोबांनी खेळ केला, बापानं केला. उत्तरेश्वरनं काही वर्षं केला, मग गावात घरोघर टीव्ही आले आणि तो पुण्याला कातडी तासायला आला. पण बाहुल्यांची पेटी त्यानं सोडली नव्हती.

"पेटीचा आमच्यात एक नियम हाय," तो म्हणाला. "दर शिवरात्रीला पेटीत एक नवी बाहुली घालायची. माकड घाला, झाड घाला, पण नवं कुणीतरी आलं पाहिजे. ज्या साली कुणी आलं न्हाई, त्या साली पेटी म्हातारी झाली. म्हाताऱ्या माणसाला लोकांच्या दारात नाचवायचं नसतंय. ती पाण्यात सोडायची."

"सगळी पेटी?"

"सगळी."

कापणं पुरुषांकडे, आवाज पुरुषांचा. पण रंग त्यांच्या घरात बायकांचा. उत्तरेश्वरची बायको सरुबाई रंग द्यायची. त्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. जाण्याआधी एक मंदोदरी नवऱ्याकडून कापून, भोकं पाडून घेतली होती, रंग राहिला. उत्तरेश्वरच्या बोटांना ब्रश धरला आहे की नाही हेही कळत नव्हतं. शिवरात्रीपर्यंत मंदोदरी रंगली नाही, तर पेटी नदीत.

"मला चामड्यावर रंगवता येत नाही," कोंडीराम म्हणाला.

"शिकताव की."

"या वयात?"

"वय मी कुटं विचारलंय?"

घरी कोंडीरामच्या बायकोनं, मुक्ताईनं, सगळं ऐकून घेतलं आणि पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावायला सवड नाही, आणि रावणाची बायको रंगवायला निघाले."

ढोलांच्या दुकानाला सुट्टी सोमवारी. कोंडीराम सोमवारी वारज्याला जायला लागला. तिथे तेव्हा जिकडेतिकडे इमारती चढत होत्या. 'सिलिकॉन हाइट्स' नावाच्या अशाच एका अर्धवट इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती, त्यातली शेवटची खोली उत्तरेश्वरची. पहिल्या दिवशी त्यानं पेटी उघडून दाखवली. वर गणपती, त्याखाली सरस्वती, मग एका बाजूला रामाची माणसं आणि दुसऱ्या बाजूला रावणाची, मध्ये जुनं लुगडं घडी घालून ठेवलेलं.

"लुगडं कशाला?"

"एकाजवळ एक ठेवली की भांडत्यात."

तो हे थट्टेनं म्हणाला की खरंच, ते कोंडीरामला समजलं नाही. एकेक बाहुली उचलून तो पाव्हण्यांची ओळख करून द्यावी तशी नावं सांगत गेला. "ही शूर्पणखा. जरा तिरसट हाय. हा जांबुवंत, आजोबांच्या हातचा. कान तुटलाय पण ऐकू येतंय त्याला."

कोंडीरामनं येताना आपले उत्तम इनॅमलचे डबे आणले होते. सरावासाठी उत्तरेश्वरनं त्याला ढोलाच्या कातड्याची उरलेली कात्रणं दिली. कोंडीरामनं एका तुकड्यावर लाल लुगड्याचा पदर काढला, हिरवा काठ, वर पिवळी नक्षी. उन्हात धरला तर असा झळकला की त्याला स्वतःलाच बरं वाटलं. उत्तरेश्वरनं धोतराचा पडदा बांधला, दिवा लावला, तुकडा पडद्याला टेकवला.

पडद्यावर काळा चौकोन उमटला. लाल नाही, हिरवा नाही. नुसता काळा.

"पेंटर," उत्तरेश्वर म्हणाला, "तुमी भिंत बांधलीत."

कोंडीरामला हे मनाला लागलं, कारण त्याची सगळी उमेदवारी भिंत बांधण्यातच गेली होती. पेंटरची अक्कल कशात, तर झाकण्यात. खालचा गंज, जुनं नाव, ओल, काही दिसता कामा नये. एका हातात झाकलं पाहिजे. आणि इथे उलटं. इथे रंगाच्या आतून कातडं दिसलं पाहिजे आणि कातड्याच्या आतून दिवा. बोहरी आळीतून तो कापड रंगवायच्या रंगाच्या पुड्या घेऊन आला. त्या पाण्यात विरघळवायच्या, सरबतासारख्या पातळ. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, दुसरा द्यायचा. पुढून जेवढा, तेवढाच मागून. जरा जास्त पाणी झालं की डाग पसरायचा, जरा कमी झालं की कडा काळी पडायची. अनेक सोमवार नुसते वाया गेले.

"पांढऱ्याची पुडी मिळत नाही हो," तो एकदा म्हणाला.

"पांढरा लावायचा नसतोय. पांढरा सोडायचा असतोय. सरू डोळ्याची जागा तशीच ठेवायची."

उत्तरेश्वर शिकवत नव्हता. त्याला स्वतःला रंगातलं येत नव्हतं. सरुबाई काय करायची, ते बाजूला बसून पाहिलेलं जेवढं आठवेल तेवढं तो सांगायचा आणि मध्येच अडायचा. "लाल आधी का हिरवा आधी... हिरवा. न्हाई, थांबा. लालच." मग कोंडीराम ब्रश धुण्याचं निमित्त करून बाहेर जायचा.

उत्तरेश्वरची मुलगी हेमा कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायची. सकाळी कंपनीची गाडी तिला रस्त्याच्या तोंडाशी सोडायची आणि ती चपला हातात घेऊन बांधकामाच्या चिखलातून यायची. दाराशी बसलेल्या कोंडीरामला पाहून थकल्या तोंडानंही हसायची.

"काका, आज काळं की लाल?"

"आज जांभळं. प्रगती आहे."

एकदा ती त्याच्याजवळ टेकली. "फोनवर माझं नाव हेलन आहे, माहितीये? हेमा त्यांना म्हणता येत नाही म्हणे."

"मी के. राम," कोंडीराम म्हणाला. "आनंद झाला भेटून."

ती खूप हसली. मग कात्रणं चाळता चाळता म्हणाली, "आईनं मला ब्रशला हात लावू दिला नाही. मी लहानपणी एकदा हनुमानाची शेपूट रंगवली तर पाठीत धपाटा घातला. म्हणाली, हे शिकलीस तर इथेच राहशील, तू कॉम्प्युटरवर बस." कात्रण खाली ठेवत ती म्हणाली, "बसले."

आत उत्तरेश्वर खोकत होता. तो ऐकत होता की नाही, कोण जाणे.

संक्रांतीच्या सुमारास एका सोमवारी कोंडीरामनं दिव्यापुढे तुकडा धरला आणि पडद्यावर लाल उमटला. नीट, पेटल्यासारखा लाल. कोंडीरामचा विश्वास बसेना. त्यानं तुकडा बाजूला घेतला, पुन्हा धरला. उत्तरेश्वर उठला आणि झोपलेल्या हेमाला हलवून उठवून घेऊन आला. ती डोळे चोळत पडद्यापुढे उभी राहिली. "आईचा लाल," एवढंच म्हणाली आणि पुन्हा जाऊन झोपली.

त्यानंतर उत्तरेश्वरनं मंदोदरी बाहेर काढली. सव्वा वीत उंचीची, एका बाजूला तोंड करून उभी. एक हात छातीशी, एक पुढे केलेला. सावकाश, एका सोमवारी लुगडं, एका सोमवारी चोळी, मग दागिने, असं काम चाललं. चेहरा कोंडीरामनं शेवटी घेतला. चेहऱ्यावर नुसता हळदीच्या पाण्यासारखा पिवळा, तोही एकच हात. काळ्या रेघा राहिल्या. त्या आपल्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात माराव्या म्हणून त्यानं मंदोदरी घरी न्यायला मागितली. उत्तरेश्वरनं ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही हातांनी दिली.

रेघा फार चांगल्या आल्या. भुवई, पापणी, नथीचा वळसा. कोंडीराम म्हणतो, तशा रेघा त्याच्या हातून आधीही आल्या नव्हत्या, नंतरही नाहीत. शिवरात्रीच्या आदल्या दुपारी काम संपलं. मंदोदरी टेबलावर पडली होती आणि तो तिच्याकडे पाहत बसला होता.

आता ज्याला पाट्यांचं काम माहीत आहे, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. पाटी पुरी झाली की वरून वार्निशचा एक हात. वार्निश न मारता पाटी गिऱ्हाइकाला देणं म्हणजे कोंडीरामच्या धंद्यात बेअब्रू. त्यानं ती वारज्याची खोली आठवली, पत्र्यातून गळणारं पाणी आठवलं. तेलाचं वार्निश कातड्यावर पिवळं पडेल, हा विचारही त्यानं केला. म्हणून मुद्दाम जाऊन स्पिरिटमधलं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, वार्निश आणलं, पाण्यासारखं स्वच्छ, आणि पुढून-मागून एक पातळ हात दिला. ते लगेच वाळलं. मंदोदरी आरशासारखी चमकायला लागली. मुक्ताईसुद्धा पदराला हात पुसत बघायला आली आणि म्हणाली, "बाई, देखणी झालीय हो." असं ती सहसा कशाला म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्ताई उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन कोंडीरामबरोबर वारज्याला आली. हेमानं पाळी बदलून घेतली होती. शेजारच्या खोल्यांतून टीव्हीवरची मालिका चालू होती, तिकडून कुणी आलं नाही. पडदा ताणला होता, मागे दिवा, उदबत्ती. पडद्यापुढे तिघं बसली. आधी गणपती येऊन नाचून गेला. मग उत्तरेश्वरनं पडद्यामागून खणखणीत आवाजात सांगितलं, "ऐका हो. यंदा आमच्या घरात मंदोदरी आली!" एवढ्या हडकुळ्या माणसाचा एवढा आवाज असेल असं कोंडीरामला वाटलं नव्हतं.

आणि मंदोदरी पडद्यावर आली.

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मुक्ताई दचकून म्हणाली, "अगंबाई, हिला कुणी मारलं?"

लुगड्याचा लाल गळ्यापर्यंत चढला होता. गालावर तो काळपट पसरला होता, आणि काठाचा हिरवा डोळ्याखाली येऊन साचला होता. कडा सगळ्या सुजल्यासारख्या. पाण्यात विरघळणारा रंग स्पिरिटमध्येही विरघळतो. वार्निशबरोबर तो हलला होता आणि उन्हात, चकाकीखाली, ते डोळ्याला दिसलं नव्हतं. दिव्यानं दाखवलं.

पडद्यामागे उत्तरेश्वर थांबला होता. मंदोदरीचा पुढे केलेला हात किंचित हलत होता. रावणाला तिनं समजवायचं असतं, ते बोलणं त्यानं सुरू केलं, "नाथा, ऐका..." आणि आवाज बसला. पुन्हा म्हणाला, "नाथा..."

तो पडद्याआडून बाहेर आला. बाहुली नाकाजवळ नेऊन त्यानं वास घेतला.

"स्पिरिट?"

"वार्निश," कोंडीराम म्हणाला. "टिकावी म्हणून."

"हं."

"आप्पा," हेमा म्हणाली, "आली ना ती? नियम एवढाच आहे ना, नवं कुणी यायचं? आली की."

"मंदोदरी रडती, पोरी. मार खात न्हाई. भर दरबारात रावणाला सुनावणारी बाई ती. ह्या तोंडानं बोलली तर कोण ऐकंल तिचं?"

"इथं आम्ही तिघंच आहोत," कोंडीराम म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला भलताच बारीक वाटला. "कुणाला काय कळणार?"

"माझ्या तोंडून आवाज येईना ना, पेंटर. मी काय करू?"

तो हे रागानं म्हणाला नाही. खरंच विचारल्यासारखं म्हणाला. दुसरं कातडं तासायला, कापायला वेळ उरला नव्हता. शिवरात्र आजच होती.

उत्तरेश्वर पुन्हा पडद्यामागे गेला. त्यानं खेळ केला नाही. पेटीतली एकेक बाहुली पडद्यावर आणायची, तिचं नाव घ्यायचं, थोडं थांबायचं आणि खाली घ्यायची. राम. लक्ष्मण. तिरसट शूर्पणखा. कान तुटलेला जांबुवंत. कुणाचीतरी सोंड झिजलेली, कुणाचा हात दोऱ्यानं शिवलेला. शेजारची मालिका संपली, बातम्या लागल्या, तरी नावं चालूच होती. मुक्ताईनं डबा उघडला नाही.

सकाळी उत्तरेश्वर, हेमा आणि कोंडीराम शिवण्याच्या बाजूला मुठा नदीवर गेले. पेटी कोंडीरामनं सायकलच्या कॅरिअरवर बांधली होती. नदीला पाणी नव्हतं. जलपर्णी, फेस, आणि मधून एक काळी धार. उत्तरेश्वर धोतर खोचून उतरला आणि पहिला गणपती पाण्यावर ठेवला. तो बुडेना. कातडं हलकं, वर तरंगत राहिला आणि जलपर्णीला जाऊन अडकला. मग हेमा काठावरचे दगड वेचायला लागली आणि कोंडीराम सुतळीनं एकेका बाहुलीला दगड बांधून द्यायला लागला. त्याच्या हाताला गाठी मारायचं काम होतं, ते त्याला बरं वाटलं.

"गोणपाट आणायला पाहिजे होतं," उत्तरेश्वर म्हणाला. "एकदम गेली असती."

पुलावर एक मोटरसायकल थांबली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेला एक तरुण वाकून ओरडला, "ओ काका! नदीत कचरा काय टाकताय? शिकलेले दिसता!" एरवी कोंडीरामनं त्याला असं उत्तर दिलं असतं की तो आठवडाभर विसरला नसता. त्या दिवशी तो सुतळीची गाठ मारत राहिला. तरुण मान हलवत निघून गेला.

शेवटी मंदोदरी राहिली. कोंडीरामनं दगड उचलला, तसं उत्तरेश्वरनं हात धरला.

"तिला न्हाई. ती पेटीत आलीच न्हाई. पेटीचं पाण्यात जातं, तिचं काय?"

"मग हिचं काय करायचं?" कोंडीरामनं विचारलं. त्याला ती घरी न्यायची नव्हती, आणि कुणी ने म्हणालं असतं तर नाहीही म्हणता आलं नसतं.

हेमानं ती त्याच्या हातातून घेतली, आपल्या ऑफिसच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये सरकवली आणि फाइल पिशवीत टाकली.

रिकामी पेटी परत नेली. पुढे हेमा तिच्यात कपडे ठेवायची.

कोंडीरामला वाटलं होतं, आता तोंड दाखवायला नको. पण ढोलांचा हंगाम आला आणि जावं लागलं. उत्तरेश्वर नेहमीच्या जागी होता. कोंडीरामनं काहीतरी सुरुवात केली, "त्या दिवशी माझं..." तर तो म्हणाला, "सरूचे दोन भाऊ हायत पुण्यात. त्यातला एकबी आला न्हाई. तुमी आलाव." आणि कातडं ओंडक्यावर उलटं टाकलं. त्यानं क्षमा केली की विषय टाळला, हे कोंडीरामला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानं विचारलं नाही.

त्या वर्षी दुकानात ढोलांना कातड्याऐवजी फायबरची पानं बसवायला सुरुवात झाली. पावसात ढिली पडत नाहीत, ओढायला नकोत, तासायला नकोत. त्यांच्यावर पथकाचं नावही छापूनच यायचं. चुन्याचे हौद मालकांनी बुजवले. उत्तरेश्वरला काढलं नाही, झाडायला आणि माल चढवायला ठेवलं. बोटं त्याची तशी बरी व्हायला लागली होती. श्रावणात, हेमा कामावर असताना, त्यानं वारज्याच्या खोलीतच प्राण सोडला. ती सकाळी आली तेव्हा दार आतून लावलेलं होतं. कोंडीरामला कळलं ते तिसऱ्या दिवशी, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तिचा फोन आला तेव्हा.

त्याच्या आधीच्या आठवड्यात दोघांची मंडईत गाठ पडली होती. कोंडीराम भाजी घेऊन निघाला होता. उत्तरेश्वर दुकानातला केर टाकून रिकामी टोपली घेऊन परत येत होता. गर्दीत उभं राहून बोलायला जागा नव्हती, म्हणून ते चालता चालताच बोलले.

"सोमवारी येताव का?" उत्तरेश्वरनं विचारलं.

आता सोमवारी तिथे काही काम नव्हतं. तरी कोंडीराम म्हणाला, "या सोमवारी हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. पुढच्या सोमवारी येतो."

"या. येताना दूध घेऊन या. हेमा नसली की आणायचं राहतंय."

"किती आणू?"

"पिशवी एक बास."